अकरा मीटर चित्राला अडतीस मार्क

रविवार, १० एप्रिल २०१६, बॉन

ही डायरी जावईबापूंच्या कंपनीची. वार आणि महिने जर्मनमध्ये छापलेत, त्यामुळे मी रविवार म्हणून लिहितोय ते पान बुधवारचंही असू शकेल. कंपनी टेलिफोनची आहे. यशपाल तिथे नेमकं काय करतात हे विचारल्यावर त्यांनी मला वीस मिनिटं समजावून सांगितलं आणि मी "अस्सं" म्हणालो.

पहिल्या पानावर नाव लिहायची जुनी सवय आहे. लहू रामचंद्र वाघमारे, निवृत्त चित्रकला शिक्षक, तासगाव. नोकरी चौतीस वर्षं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलेली मुलं दोन हजारांच्या वर. नापास सतरा, त्यातला एक आमदारांचा भाचा, आणि त्याला नापास करणारा परीक्षक पुढच्याच वर्षी गडचिरोलीला गेला.

मी आणि बायको द्रौपदी लेकीकडे, हर्षाकडे, नव्वद दिवसांसाठी आलोय. ट्रंकेत कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर, कंपासपेट्या आणि मेथीचे लाडू. नात संघमित्रा, मित्रा म्हणतात तिला, नऊ वर्षांची आहे. तिला स्मरणचित्र आणि अक्षरलेखन पक्कं करून द्यायचं असं मी सगळ्यांना सांगितलंय. खरं कारण वेगळं आहे. आजवर फोनवर तिचं कपाळच जास्त दिसलं. ती शेजारी बसून चित्र काढेल, एवढ्यासाठी मी विमानात चढलो. हे द्रौपदीलासुद्धा सांगितलेलं नाही.

बुधवार, १३ एप्रिल

मित्राने घोडा काढला. जांभळा. पाय पाच मोजले, त्यातली एक शेपटी निघाली. घोडा हवेत उभा, खाली जमीन नाही, मागे क्षितिज नाही. तरी रेषेत जोर आहे, वाघमाऱ्यांचं रक्त आहे.

मी हात फिरवला. आमच्या धंद्यात याला हात फिरवणंच म्हणतात. मूल चित्र घेऊन येतं, मास्तर ब्रश घेतो आणि चित्र सुधारून परत देतो. पालक खूश, परीक्षक खूश. मूलही खूशच असणार, तसं कधी विचारायची वेळ आली नाही. वीस मिनिटांत घोडा तपकिरी झाला, चार पायांवर उभा राहिला, खाली गवत आलं, मागे दोन डोंगर आले आणि मधून सूर्य काढला. बी ग्रेड कुठे गेली नाही.

मित्रा बघत होती. मग तिने जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं आणि रंगपेटी कपाटावर ठेवून आली. मी हर्षाला विचारलं, "काय म्हणाली गं?"

"काही नाही बाबा. छान झालंय म्हणते."

हर्षा सिंकमध्ये भांडी घासत होती. घरात भांड्यांचं मशीन आहे, तरी हातानेच घासत होती. तिलाही लहानपणी चित्रकलेची फार आवड होती. अकरा वर्षांची असताना तालुक्यात पहिली आली होती. पुढे गणिताकडे वळली. हुशार मुलांचं तसंच असतं.

रविवार, १७ एप्रिल

कोलोनला जयंती झाली. शंभरेक मंडळी, सगळी शिकलेली, कुणी औषधाच्या कंपनीत तर कुणी विद्यापीठात. मी आणलेली बाबासाहेबांची तसबीर स्टेजवर लावली. कोटाचा निळा अगदी बरोबर उतरलाय, असं तिघांनी आपणहून सांगितलं. ही माझी एकशे बारावी तसबीर. चौकटी आखून काढतो, एका केसाचा फरक पडत नाही.

मित्राने अजून रंगपेटी खाली काढलेली नाही. इथला कागद गुळगुळीत आहे, त्यामुळे मुलांचा मूड जात असावा.

मंगळवार, १९ एप्रिल

हर्षाने मित्राला हुकूम सोडला, "आबांना चित्र बघायला ने." मित्रा तोंड वाकडं करून निघाली. ट्रामने राइन ओलांडली की बॉयेल. तिथे एका बंद कारखान्यात कलाघर काढलंय आणि हॉलमध्ये शेर्स्टिन आल्मार्क नावाची स्वीडनची चित्रकार लोकांसमोर चित्र काढतेय. मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा कुणीही यावं, बाकावर बसावं, गप्प राहावं. तीन जूनला उद्घाटन.

चित्र अकरा मीटर लांब आणि तीन मीटर उंच आहे, आणि त्यात काही नाही. झाड नाही, माणूस नाही, फळांची टोपलीसुद्धा नाही. नुसते उभे पट्टे. निळे जास्त, मधे शेंदरी, कुठे हळदीसारखा पिवळा, मधल्या जागा राखाडी. काही पट्टे सरळ, काही जरा कललेले.

बाई साठीच्या, अंगात पुरुषी डांगरी, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. स्टुलावर बसल्या. मी घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं नुसत्या बघत बसल्या. मग उठून डिस्टेंपर मारायचा असतो तसला ब्रश निळ्यात बुडवला, शिडी चढत खालून वर एक पट्टा ओढला, आणि पुन्हा बसल्या. आमचा तास पस्तीस मिनिटांचा असायचा. ही बाई घंटा झाली तरी कोरा कागद देऊन गेली असती.

मार्क: वस्तुचित्र शून्य, संकल्पचित्र बारा, रंगसंगती सव्वीस. एकूण अडतीस. पास, पण काठावर.

शुक्रवार, २२ एप्रिल

कलाघराचे प्रमुख डॉक्टर ब्रांट. द्रौपदीने गुडघ्याबद्दल विचारून या म्हणून सांगितलं होतं, पण ते चित्रांचे डॉक्टर निघाले. आज त्यांनी अर्धा तास भाषण केलं. बाकावरची मंडळी माना डोलवत "जा, जा", म्हणजे हो हो, करत होती. मित्रा मला कानात सांगायची, अडली की मधेच "आल्झो", म्हणजे "तर", म्हणायची.

"तो म्हणतो, इथे रंग, आल्झो, रंग बोलतो. पण गप्प राहून बोलतो."

"आणि?"

"आणि रिकामी जागा रिकामी नाहीये."

"मग काय आहे?"

"ते त्याने नाही सांगितलं."

बाई स्वतः भाषणभर ब्रश धूत होत्या. चित्र काढणारी गप्प आणि न काढणारा बोलतोय, हे मात्र आपल्याकडच्या बक्षीस समारंभासारखंच झालं, असं मी म्हणालो. मित्रा हसली. माझ्या बोलण्यावर हसली, आल्यापासून पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की परतताना तिला स्टेशनवर आइस्क्रीम घेऊन दिलं आणि हर्षाची बोलणी खाल्ली.

शुक्रवार, २९ एप्रिल

आज एक गोष्ट कबूल करायला हवी. बाकावर बसून कंटाळा आला म्हणून चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. सुरुवातीला निळे पट्टे दाट आहेत, तिथे माझी चाल भरभर होती. मग पिवळा आला, पुढे राखाडी जागा रुंद झाली आणि पाय आपोआप हळू पडला. पुन्हा निळे, पण सैल. मग एकदम तीन शेंदरी, जवळजवळ. तिथे मी थांबलोच. परत उलट्या दिशेने चालून पाहिलं, तर चाल वेगळीच लागली.

आणि मला कळलं की हे मला येतं. नोकरीच्या सुट्ट्यांमध्ये मी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, जयंतीच्या कमानींच्या. पाटीत अक्षरं चांगली असून भागत नाही. दोन अक्षरांमधली जागा पट्टीने मोजायची नसते, डोळ्याने सोडायची असते. ती चुकली की "अनुराधा स्टोअर्स"चे "अनु" आणि "राधा" दोन बायका होतात.

बाईंनी मित्राला विचारलं, हे आजोबा काय बघतात. मी सांगितलं आणि मित्राने ते जर्मनमध्ये सांगितलं. बाई स्टुलावरून उठल्या. वर्तमानपत्र पसरून माझ्या हातात ब्रश दिला, दाखवा म्हणाल्या. मी काना काढून दाखवला. वर ब्रश आडवा टेकवायचा, जरा दाबायचा, आणि मग खाली ओढायचा. त्यांनी तो चार वेळा काढायला लावला आणि आपल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग कॉफी आणि दालचिनीचा पाव दिला. "गेनाऊ, गेनाऊ," असं सारखं म्हणत होत्या. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ.

घरी हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा द्रौपदी म्हणाली, "अहो, पाव एकच दिला ना? मग गोष्ट तीनदा का?"

मार्क वाढवून एकसष्ट केले. वाढले असते, पण सातव्या मीटरवर एक चूक आहे.

मंगळवार, १० मे

सातव्या मीटरवर भोक आहे. तीन शेंदरी पट्टे झाल्यावर पुढचा निळा फार लांब गेलाय. तिथे एक शेंदरी हवा, जरा बारीक. शेंबड्या पोरालाही दिसेल. बाईंना दिसत नाही. आज त्या तासभर तिकडेच बघत होत्या आणि शेवटी ब्रश पुसून ठेवून दिला.

मी द्रौपदीला कागदावर आकृती काढून समजावलं. ती समोरच्या तुर्की वाण्याकडून आणलेली भेंडी चिरत होती. त्या वाण्याशी ती मराठीत बोलते, तो तुर्कीत बोलतो, आणि तिला कोथिंबीर फुकट मिळते.

"चित्र कुणाचं आहे?" तिने विचारलं.

"त्या बाईंचं."

"मग तुमच्या पोटात का दुखतंय?"

अडाण्याशी कलेवर बोलू नये. पण हात खरोखर शिवशिवतोय. चौतीस वर्षांची सवय आहे, चूक दिसली की हात पुढे जातो.

शुक्रवार, १३ मे

काम केलं. एकदाचं मन शांत झालं.

पाच वाजता पाऊस होता, बाकावर मी आणि मित्रा दोघंच. डॉक्टर ब्रांटांनी बाईंना फोनसाठी ऑफिसात बोलावलं. शेंदरी रंगाचा डबा उघडा, ब्रश ओला. मी उठलो, शिडीवर चढलो, उतरत उतरत एकच फटकारा मारला. श्वास रोखून, वरपासून खालपर्यंत, कुठे थरथर नाही. मागे सरून बघितलं. भोक बुजलं. पाटी पुरी झाली.

"आबा, नाइन!" मित्रा ओरडली. नाही, नको, असं.

मी तिला समजावलं की हे मास्तरांचं काम असतं, बाईंना बरंच वाटेल, कदाचित कळणारही नाही. ती ट्राममध्ये माझ्या शेजारी न बसता समोर बसली. निघताना ब्रांटांनी सांगितलं, बाई ऑफिसातून परस्परच स्टेशनवर गेल्या, त्यांची बहीण आजारी आहे, दोन आठवडे स्वीडनला.

मंगळवार, २४ मे

बाई नाहीत, पण हॉल उघडा असतो. आज डॉक्टर ब्रांट एका बँकेची माणसं घेऊन आले. सूटबूटवाले बाराजण. ब्रांट चित्राच्या डाव्या टोकापासून बोलत बोलत निघाले आणि सातव्या मीटरवर थांबले. माझ्या पट्ट्यापुढे! तिथे त्यांनी दोन्ही हात वर केले. डोळे मिटले. मी मित्राला विचारलं, ती म्हणाली, मला ऐकू येत नाहीये. मग शेजारच्या एका बाईंनी मला इंग्रजीत सांगितलं. ब्रांट म्हणत होते, की हा पट्टा म्हणजे सगळ्या चित्राचा श्वास आहे, हा काढला तर अकरा मीटर कोसळतील, आणि इतका धीट पट्टा मारायला चित्रकाराला चाळीस वर्षांची साधना लागते.

चौतीस लागतात. पण मी दुरुस्त केलं नाही.

मार्क आता चौऱ्याहत्तर. त्यातले दहा त्या पट्ट्याचे धरायला हरकत नाही. तासगावला गेल्यावर हे सांगायचं कसं याचा विचार करत होतो. सांगितलं तर आमच्या शाळेतले पाटील सर विश्वास ठेवणार नाहीत, न सांगितलं तर मला झोप लागणार नाही.

शुक्रवार, २७ मे

बाई आल्या. अंगात कोट, हातात बॅग, दारातच थांबल्या. चित्राकडे पाहिलं. मी मोजलं नाही, पण दहा सेकंदांच्या वर गेले नसतील. बॅग जमिनीवर ठेवून सरळ सातव्या मीटरपाशी गेल्या आणि पट्ट्याला बोट लावून बघितलं.

ब्रांटांना बोलावलं. ब्रांट म्हणाले की ही तर चित्रातली सगळ्यात भक्कम जागा. बाई काहीतरी म्हणाल्या आणि ब्रांटांचा चेहरा पडला. मग त्या बाकावरच्या एकेकाला विचारत आल्या. सगळे माना हलवत होते. शेवटी आमच्यापुढे थांबल्या आणि मित्राला विचारलं.

मित्रा मला मराठीत म्हणाली, "ती विचारते, हा पट्टा कुणी काढला."

 दोन हजार मुलांना मी "कुणी केलं, पुढे या" असं विचारलंय. विचारणाऱ्याच्या जागेवर उभं राहणं सोपं असतं. मी म्हणालो, "सांग त्यांना, आबांना काही माहीत नाही."

मित्रा उभी राहिली. मला वाटलं आता सांगेल. पण ती माझ्याकडेच वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आबा, हे मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

दुसऱ्याचं सांगणं सोडलं तर स्वतःचं एवढं सलग मराठी ती आजवर माझ्याशी बोलली नव्हती. बाईंना मराठी येत नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे एक शब्द न विचारता कोट काढायला गेल्या.

पोरगी उद्धट झालीय. चार लोकांत मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा म्हणजे काय! हर्षाशी बोललं पाहिजे.

रविवार, २९ मे

हर्षाशी बोललो. बोलायला नको होतं.

तिला सगळं आधीच माहीत होतं. मित्राने शुक्रवारी रडत सांगितलं होतं. मी म्हणालो, एक पट्टा, तोही चांगला, तिथला डॉक्टर डोळे मिटून तारीफ करतो. आणि हात तर मी जन्मभर फिरवला, कुणाचं वाईट झालं? तुझंच बघ, तालुक्यात पहिली आलीस.

हर्षा पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवलं. "बाबा, त्या चित्रात माझं काय होतं?"

"म्हणजे? नाव तुझंच होतं खाली."

"हो. तेवढंच माझं होतं. मी बैलांचा बाजार काढला होता. बक्षीस मिळालं तेव्हा त्यात एकही बैल माझा नव्हता. स्टेजवर गेले, टाळ्या वाजल्या, आणि मला वाटलं आता कुणीतरी ओळखणार. त्यानंतर मी ब्रश धरला नाही. तुमच्या कधी लक्षातच आलं नाही."

मी म्हणालो, "तू गणितात हुशार होतीस."

"गणितात तुम्हाला हात फिरवता येत नव्हता, बाबा."

द्रौपदी ओट्याशी उभी होती. ती ओटा पुसत राहिली, म्हणजे तिला हेही ठाऊक होतं. मग हर्षाने तेरा एप्रिलचं ते जर्मन वाक्य मला मराठीत सांगितलं. घोडा चांगला आहे, पण माझा घोडा कुठे गेला, असं मित्रा म्हणाली होती.

जेवलो नाही. भूक नाही सांगितलं.

शुक्रवार, ३ जून

उद्घाटन आज होतं, पण झालं नाही. हॉल बंद, दारावर कागद. उद्घाटन चोवीस जूनला. ब्रांटांनी खाली इंग्रजीतही लिहिलंय की चित्र एका नव्या टप्प्यात गेलंय.

मी एकटाच गेलो होतो. मागच्या बाजूला खिडकी आहे, तिथून दिसतं. बाईंनी माझा पट्टा राखाडीने मिटवलाय. मला वाटलं, झालं, विषय संपला. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. सातव्या मीटरपासून उजवीकडचं जवळजवळ सगळंच मिटवलं होतं आणि शिडीवर चढून नव्याने निळा ओढत होत्या. मिटवला तरी तो शेंदरी त्यांना एकदा दिसला होता. डोळ्याने एकदा जागा वेगळी मोजली की पुढच्या सगळ्या जागा बिघडतात.

हे मला माहीत होतं! पाटीच्या मधे एक अक्षर घुसलं तर नुसतं ते अक्षर पुसून चालत नाही, पुढची अख्खी ओळ खरवडावी लागते. शिकाऊ पोरांना मी हे ओरडून सांगायचो. साठ वर्षांची बाई शिडीवर चढत होती, एक पट्टा ओढत होती, उतरून लांब जाऊन बघत होती, पुन्हा चढत होती. दीड तास मी खिडकीपाशी उभा होतो. मला माझी लाज वाटली. एवढी लाज मला सेवानिवृत्तीच्या भाषणात पाटील सरांनी माझे दोष सांगितले तेव्हाही वाटली नव्हती.

शनिवार, ४ जून

सकाळी मित्राला विचारलं, "हे मी केलं, मला माफ करा, असं जर्मनमध्ये कसं म्हणायचं?"

 ती स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. मी या वहीत नागरीत लिहून घेतलं. "इख वार एस. एस टूट मिअर लाइड." पहिला शब्द मला येईना. इक होत होतं, इश होत होतं. तिने मला अकरा वेळा म्हणायला लावलं. अकराही वेळा ती थांबली, ऐकलं, "नोख माल," म्हणजे पुन्हा, एवढंच म्हणाली. तोंडातला शब्द काढून घेऊन स्वतः म्हणून टाकला नाही.

मी तिची घोड्याबद्दल मराठीतच माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे." मग म्हणाली, "खरं तर ठीक नाहीये. पण ठीक आहे."

मंगळवार, ७ जून

मित्राला घेऊन गेलो, कलाघराचं दार ठोठावलं. बाईंनी उघडलं, दोन्ही हात निळे. मी ताठ उभा राहून दोन्ही वाक्यं म्हणालो. दुसरं चुकलं असावं, कारण मित्राने डोळे मिटून घेतले.

बाई म्हणाल्या, मला माहीत आहे. दहा सेकंदांत कळलं होतं. मी खालून वर ओढते. हा पट्टा वरून सुरू झाला होता आणि वर ब्रश आडवा दाबलेला होता. तसा ब्रश दाबणारा बॉनमध्ये एकच माणूस आहे, आणि त्याने मला वर्तमानपत्रावर चार वेळा करून दाखवलं होतं.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

मित्राने उत्तर आणलं, "ती म्हणते, विचारलं होतं की."

मला वाटलं आता हसतील, कॉफी देतील. त्या हसल्या नाहीत. माझे तीन आठवडे गेले, खांदा दुखतो, आणि तुमच्यावर मी रागावलेली आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. माफी नको म्हणाल्या. चित्र पूर्ण होईपर्यंत दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, बाकावर बसायचं, हात जवळ ठेवायचे आणि मी काय करते ते बघायचं.

मित्राने याचं भाषांतर फार आनंदाने केलं. "आबा, हाताची घडी, तोंडावर बोट!" हे तिला हर्षाने शिकवलेलं असणार.

मंगळवार, २१ जून

पाचवी हजेरी. शिक्षा भोगतोय म्हणून बसलो होतो, पण आता चार वाजायची वाट बघतो. चाळीस मिनिटं त्या स्टुलावर काय करतात ते कळायला लागलंय. त्या मनात पट्टा ओढतात, मनात पुसतात. आज मीही मनात तीन ओढले. तिन्ही चुकीचे निघाले, कारण त्यांनी चौथाच ओढला आणि तो मला सुचलाही नव्हता. जुन्या रुंद जागेत आता काहीच नाही, पण पुढचा निळा इतका उशिरा आणि इतका गडद येतो, की ती जागा उडी मारून ओलांडल्यासारखी वाटते. शेंदरी तीनच आहेत. मी त्या जागेला भोक म्हणत होतो.

शुक्रवार, २४ जून

उद्घाटन झालं. दोनशे माणसं, वाईन, खारे पाव. ब्रांटांनी भाषण केलं. सातव्या मीटरपाशी थांबले, दोन्ही हात वर केले, डोळे मिटले. मित्राने सांगितलं, तो म्हणतो, इथे पट्टा नाही हाच चित्राचा श्वास आहे, एक जरी पट्टा इथे आला तर अकरा मीटर कोसळतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घातलेलीच होती.

द्रौपदीने चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन चकरा मारल्या आणि म्हणाली, "गुडघा दुखतोय, पण इथे चालायला बरं वाटतंय." ब्रांटांपेक्षा बरं बोलली. मार्क दिले नाहीत. मला कुणी परीक्षक नेमलेलं नाही.

शुक्रवार, १ जुलै

परवा विमान. बॅगा भरून झाल्या. दुपारी मित्राने कपाटावरून रंगपेटी काढली आणि टेबलावर माझ्या शेजारी येऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. तिने राइनवरचा पूल काढायला घेतला, आणि पुलाखाली हिरवी मांजर. मांजर पुलापेक्षा मोठी आहे. मी हात जवळ ठेवून बघत राहिलो.

ती म्हणाली, "आबा, तुम्ही नुसते का बसलात? तुम्ही पण काढा." मी आणलेल्या गठ्ठ्यातला एक कार्ट्रिज पेपर तिने माझ्यापुढे सरकवला.

मी ब्रश ओला केला. आणि मग काही सुचेना. बाबासाहेबांची तसबीर मी न बघता काढीन, पण ती फोटोची असते. पाटी दुकानदाराची असते. दोन हजार मुलांच्या घोड्यांना, बैलांना, झोपड्यांना मी हात लावला. त्यांच्यातलं माझं एकही नाही. आठवून आठवून पाहिलं. शेवटचं माझं स्वतःचं चित्र मी नोकरी लागायच्या आधी काढलं होतं, आणि त्यात काय होतं तेही आता आठवत नाही.

चौतीस वर्षं मुलं मला विचारायची, सर, काय काढू? मी सांगायचो, सूर्योदय काढ, झोपडी काढ. ती काढायची.

मी मित्राला विचारलं, "काय काढू गं?"

"मला काय माहीत, आबा?" ती मांजरीला मिशा काढत म्हणाली. "ते तुम्हाला माहीत."

अर्धा तास होऊन गेला, म्हणून ही वही उघडली. तिचं चित्र पूर्ण झालं, खाली सही करून झाली, रंगपेटीचं झाकण लावून झालं. माझा कागद अजून कोरा आहे. मला वाटलं आता उठून खेळायला जाईल. गेली नाही. हनुवटीखाली हात घेऊन माझ्या कागदाकडे बघत शेजारी बसून राहिली आहे.